एकर, आर, ब्रास आणि टीएमसी : दोन पद्धतींच्या मापांची सांगड कशी घालावी

१९५६ च्या कायद्याने भारताने दशमान मापे स्वीकारली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने व्यवहारात आणली. आज खरेदी-विक्रीतील मापांवर वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ चे नियंत्रण आहे. शेर आणि पायली बाजारातून बहुतांशी हद्दपार झाल्या, परंतु जमीन, बांधकाम आणि पाणी या तीन क्षेत्रांत फूट-इंचांनी आपले ठाण सोडलेले नाही. या क्षेत्रांत गुणाकार सहसा चुकत नाही, कारण तो मोबाइलही करून देतो. चूक होते ती समोरचा आकडा कोणत्या मापातला आहे हे न विचारल्यामुळे.

सर्वांत मोठी जोखीम जमिनीच्या व्यवहारात असते. सातबाऱ्यावर शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांत नोंदलेले असते, बोलणी मात्र एकर आणि गुंठ्यांत होतात. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. अशा ४० गुंठ्यांचा एकर होतो. आर म्हणजे नेमके १०० चौरस मीटर आणि १०० आरांचा एक हेक्टर. गुंठा आणि आर यांत जेमतेम सव्वा टक्क्याचा फरक असल्याने लहान तुकड्यासाठी दोन्ही सारखे धरले तरी अंदाज बिघडत नाही. दहा एकरांचे मात्र ४०४.७ आर होतात, आणि वरचे हे पावणेपाच आर कोणी सोडून देत नाही.

खरा घोटाळा टिंबामुळे होतो. सातबाऱ्यावरील १.२०.०० हे क्षेत्र म्हणजे एक हेक्टर वीस आर. पण जुन्या कागदांत एक एकर वीस गुंठे हेही १-२० असेच लिहिलेले आढळते आणि घाईत दोन्ही एकच समजले जातात. पहिल्याचे चौरस मीटर करावेत, म्हणजे १२,००० होतात. त्यांना १०१.१७ ने भागल्यास ११८.६ गुंठे येतात आणि त्यांतून चाळीस-चाळीसचे एकर काढल्यावर उत्तर मिळते दोन एकर ३८.६ गुंठे. दुसरे क्षेत्र अवघे ६० गुंठे आहे, म्हणजे जवळपास निम्मे. त्यामुळे कोणतेही क्षेत्र आधी चौरस मीटरमध्ये आणावे आणि एकर-गुंठे अगदी शेवटी काढावेत. आरसाठी नेहमी दोन अंक असतात, हेही ध्यानात ठेवावे : ०.०५.३० म्हणजे ५३० चौरस मीटर. त्यातले एक शून्य गळले, तर वाचणारा पाच आरांचे पन्नास आर करून बसतो. ठरलेला भाव पोटखराबा (लागवडीस अयोग्य भाग) धरून आहे की वगळून, हे याच वेळी विचारून घेतलेले बरे.

सदनिकेचे गणित त्या मानाने सोपे आहे. करारात चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये असल्यास त्याला १०.७६४ ने गुणावे. ६० चौरस मीटरचे सुमारे ६४६ चौरस फूट होतात. स्वतः फीत लावून खोली मोजताना मात्र इंचांना १२ ने भागण्यास विसरू नये. दहा फूट सहा इंच म्हणजे १०.५ फूट, तेथे १०.६ लिहिले, की पुढचा सारा हिशेब वाकडा जातो.

बांधकामाच्या जागी दोन्ही पद्धती एकाच वस्तूत नांदतात. प्लायवूडचा ताव आठ बाय चार फुटांचा, पण जाडी १८ मिलिमीटर. मिस्त्री ज्याला तीन सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सळई म्हणतो, ती दुकानात १० मिलिमीटरची म्हणून मिळते आणि विकली जाते किलोवर. दोन बाय दोनची फरशी प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांहून थोडी लहान असते. म्हणून चार फरश्यांच्या खोक्यात १६ नव्हे, तर १५.५ चौरस फूट माल भरतो. ५०० चौरस फुटांसाठी पहिल्या हिशेबाने ३२ खोकी पुरतात असे वाटते, प्रत्यक्षात ३३ लागतात. तुटफूट आणि कापकाम यांसाठीची वाढ याहून वेगळी.

वाळू आणि खडी ब्रासवर घेतली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. गाडी रिकामी होण्यापूर्वी हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजावी, तिन्हींचा गुणाकार करून १०० ने भागावे. बारा फूट लांब, सात फूट रुंद आणि अडीच फूट भरलेल्या हौद्यात २.१ ब्रास माल असतो. उंची फळीची नव्हे, मालाची घ्यावी आणि ती चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढावी, कारण मधला ढीग नेहमीच उदार दिसतो. प्लास्टरसारख्या पृष्ठभागाच्या कामात मात्र ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, त्यामुळे दरपत्रक वाचताना काम कोणते आहे ते आधी पाहावे.

पावसाळ्यात धरणांच्या बातम्या वाचतानाही हीच दक्षता उपयोगी पडते. पाऊस मिलिमीटरमध्ये, साठा टीएमसीत किंवा दलघमीत (दशलक्ष घनमीटरमध्ये) आणि विसर्ग क्युसेकमध्ये सांगितला जातो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात २८.३२ दलघमी, त्यामुळे कोयनेची १०५.२५ टीएमसी क्षमता सुमारे २,९८० दलघमी भरते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालू राहिला, की एक टीएमसी पाणी जाते. दुप्पट विसर्गाला तेवढ्याच पाण्यासाठी बारा तास लागतात.

उरलेल्या गोष्टी किरकोळ आहेत. ताप फॅरनहाइटमध्ये सांगितला, तर ३२ वजा करून १.८ ने भागावे. १०२ अंश म्हणजे ३८.९ सेल्सिअस. सोन्याचा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा असला, तरी पेढीवर बोलताना बहुधा १० ग्रॅमच अभिप्रेत असतात. म्हणून घरातला जुना दागिना तोळ्यांत सांगण्याऐवजी काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये वजन करून घ्यावा आणि पावतीवरही ग्रॅमच लिहून मागावेत.