गिटारीचा टवका बुजवताना या चुका टाळा

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गिटारी टवका उडाला म्हणून येत नाहीत, तो घरी बुजवला म्हणून येतात.

परवाचंच घ्या. फर्स्ट इयरचा पोरगा, साउंडहोलजवळ तांदळाच्या दाण्याएवढा टवका. त्याने सुपरग्लूचा थेंब टाकला. पाच मिनिटांत वरून सुकल्यासारखा वाटला, म्हणून चारशे नंबरचा वॉटर पेपर बोटाखाली धरून घासत सुटला. ग्लू आतून ओलाच होता, तो फरफटला. बोट मऊ असतं, ते सपाट घासत नाही, खळगा करतं. फिनिशचा, म्हणजे लाकडावरच्या चकचकीत लेपाचा, थर तो केवढा, पाव मिलिमीटरसुद्धा नसतो कित्येकदा. दहाच्या नाण्याएवढं लाकूड उघडं पडलं. स्प्रूस, म्हणजे गिटारीच्या पुढच्या फळीचं लाकूड, उजेडाने हळूहळू पिवळसर होतं, घासलं की खालचं पांढरं निघतं. रंग जुळवण्यात माझे दोन रविवार गेले, तरी तिरप्या उजेडात ते चंद्रासारखं दिसतंच.

मी काय करतो? टूथपिकच्या टोकाने थेंब, किंचित फुगीर राहील एवढाच. मग रात्रभर गिटारीकडे बघायचंही नाही. सकाळी दाढीच्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना सेलोटेप गुंडाळायची, मधली धार तेवढी उघडी ठेवायची. टेप फिनिशवर टेकते आणि धार फक्त उंचवटा खरवडते. शेवटी खोडरबराला गुंडाळलेला हजार, पंधराशे, दोन हजारचा पेपर, मग रबिंग कंपाउंड. पाणी अगदी नावापुरतं. ब्रिजवर तारा अडकवायच्या पिना असतात, त्यांच्या भोकांत गेलं तर लाकूड फुगतं.

ग्लू लगेच सुकवणारा स्प्रे मिळतो. मारा आणि थेंबात पांढरे बुडबुडे बघत बसा.

दुसरी चूक म्हणजे फिनिश कोणतं हे न बघता हात घालणं. आजच्या साध्या गिटारींवर बहुतेक पॉली (पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर) असतं, जुन्या अमेरिकन गिटारींवर नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, हाताने बनवलेल्या क्लासिकलवर बऱ्याचदा लाखेचं पॉलिश. पट्ट्याच्या बटणाखाली, जिथे दिसणार नाही तिथे, कापसाच्या काडीने स्पिरिट लावून बघा. चिकट झालं तर लाख. नाही झालं तर लॅकर थिनरचा एक ठिपका. मऊ पडलं तर नायट्रो, ढिम्म राहिलं तर पॉली. सुपरग्लूची वरची कृती पॉलीसाठी. नायट्रोला लॅकरचेच थेंब, दिवसाआड एक, कारण ते सुकताना आकसतं. एकाने डाग पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरलं. गिटार नायट्रोची होती. पुढचं सांगत नाही.

पावसाळ्यात लॅकर मारू नका, हवेतला ओलावा धरून दुधाळ होतं. जून ते सप्टेंबर मी सरळ नाही म्हणतो, मग कोणाचा कार्यक्रम का असेना.

गाडीचं सिलिकॉनवालं पॉलिश नको. नंतर त्यावर लॅकर धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात.

मॅट फिनिशवरचा ओरखडा तर घासूच नका. तिथे चकचकीत डाग उठतो आणि तो परत मॅट करणं म्हणजे अख्खी पाठ नव्याने फवारणं. माझ्या गिटारीवर असे सात ओरखडे आहेत, एकालाही हात लावलेला नाही.