डोळ्यांखाली थ्रेड्स घालून घेण्याआधी

थ्रेड्स म्हणजे त्वचा घट्ट व्हावी म्हणून सुईने तिच्याखाली घातले जाणारे, विरघळणारे बारीक धागे. क्लिनिकची तारीख घेण्याआधी फोटो काढा. सकाळी उठल्या उठल्या आणि संध्याकाळी, खिडकीच्या उजेडात, चेहरा कोरा ठेवून. एक समोर बघताना, एक मान न हलवता नजर वर नेऊन. नजर वर गेल्यावर फुगवटा आणखी ठळक झाला, तर ती बहुधा पुढे आलेली चरबी आहे. तिला थ्रेड्स पुरे पडत नाहीत, खालच्या पापणीची शस्त्रक्रियाच लागते. सूज सकाळी जास्त आणि दुपारपर्यंत ओसरणारी असेल, तर आधी मीठ, अ‍ॅलर्जी, थायरॉइड आणि मूत्रपिंड यांकडे बघायला हवं. काळी वर्तुळं रंगद्रव्यामुळे असतील, तर धाग्याने रंग उतरत नाही. आपल्याकडे निम्म्या तक्रारी त्याच असतात असं वाटतं, आणि पैसे तिथेच वाया जातात. उरतात त्या बारीक सुरकुत्या आणि पातळ, सैलावलेली त्वचा. थ्रेड्सचं खरं काम तेवढंच.

आणखी एक गोष्ट घरीच करून बघा: खालची पापणी चिमटीत धरून हलकेच पुढे ओढा आणि सोडा. ती लगेच जागेवर बसली नाही, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डॉक्टर म्हणजे डॉक्टरच. त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा पापण्यांची शस्त्रक्रिया करणारा नेत्रतज्ज्ञ. पार्लरमध्ये कितीही स्वस्त मिळालं तरी डोळ्याजवळ सुई तिथे नको. मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. धागा कोणता, हेही विचारा. पीडीओ, म्हणजे पॉलिडायऑक्सॅनोन, हा विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरला जाणारा पदार्थ. साधारण सहा महिन्यांत तो शरीरात विरतो. डोळ्याखाली सहसा त्याचे अगदी बारीक, गुळगुळीत मोनो धागे वापरतात. काटेरी कॉग धागे गाल-जबड्याकडची त्वचा ओढण्यासाठी असतात. इथली त्वचा इतकी पातळ, की धागा वरवर बसला तर तो बाहेरून दिसतो किंवा हाताला लागतो. म्हणून हात सरावलेला हवा. पाकीट तुमच्यासमोर उघडावं, मुदतीची तारीख वाचावी, स्टिकर फाइलला लावून घ्यावं.

औषधांची यादी कागदावर लिहून न्या. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी इतर गोळी हृदयासाठी चालू असेल, तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच काय ते ठरवा. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल यांना लोक औषधात धरत नाहीत, पण रक्त साकळून काळंनिळं होण्यात त्यांचाही हात असू शकतो. आधी घातलेले फिलर (त्वचेखाली भराव घालणारी इंजेक्शनं), डोळ्याची शस्त्रक्रिया, जखमेचा व्रण वाढण्याची सवय, ओठांवर वारंवार उठणारे नागीणसारखे फोड, गर्भारपण, स्तनपान, ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे), सगळं सांगा. रांजणवाडी आली असेल किंवा डोळे आले असतील, तर तारीख पुढे ढकला.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात हे करू नये. काळंनिळं पडलेलं जायला एक-दोन आठवडे लागतात, आणि धाग्याभोवती कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, हळूहळू तयार होत असल्याने फरकही काही आठवड्यांनीच कळतो. आदल्या दिवशी दारू नको. त्या दिवशी काजळ, मस्कारा, नकली पापण्या नकोत. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा लावून जा. परत आणायला कुणीतरी सोबत असू द्या, गाडी स्वतः चालवू नका.

घरी आधीच जादा उशी, स्वच्छ रुमालात गुंडाळायला बर्फ आणि गॉगल काढून ठेवा. काही दिवस उताणं झोपायचं, डोळे चोळायचे नाहीत, जिम आणि वाफ बंद. चेहऱ्याला मालिश करणाऱ्या ताईंनाही डोळ्यांखाली हात लावू नका असं सांगून ठेवा. डॉक्टरांचा रात्री लागणारा फोन नंबर घेतल्याशिवाय क्लिनिकमधून निघू नका: दिसायला अंधूक झालं, डोळ्यात तीव्र दुखू लागलं, सूज झपाट्याने वाढली, ताप आला किंवा पू दिसला, तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं.