नोकरी सोडून मेंढ्या राखायच्या असतील तर

कार्यालयातील नोकरी सोडून मेंढपाळीकडे वळायचे ठरत असेल, तर राजीनाम्याआधी बिनपगारी रजा घेऊन पावसाळ्याचे काही आठवडे एखाद्या मेंढपाळाच्या कळपामागे काढावेत. हिवाळ्यात माळ कोणालाही भुरळ घालतो. हे काम आपल्याला झेपेल की नाही, ते भिजलेली वाघर (रात्री कळप कोंडायची जाळी) रोवताना आणि खूर कुजून लंगडणारी मेंढी चिखलातून बाजूला काढताना समजते. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे अनेक कळप पावसाळ्यात माण, खटाव, फलटण या कोरड्या भागांत परतलेले असतात. पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय सांभाळणाऱ्या धनगर कुटुंबांकडे राबायची तयारी ठेवून जावे आणि शिकवण्यात त्यांचा जो वेळ जातो, त्याचा मोबदलाही द्यावा.

सुरुवातीला वीस माद्या आणि एक मेंढा पुरे. दख्खनी मेंढी काटक असते आणि दूरवर चालते. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी अंगाने मोठी आणि लवकर वाढणारी, पण तिला खुराकही तसाच लागतो. नवख्याने दख्खनीच घ्यावी, असे माझे मत आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनीत आणून ‘सुवर्णा’ मेंढी तयार केली आहे, मात्र जुळी कोकरे जगवण्याइतका हात बसल्यावरच तिचा विचार करावा. खरेदी करताना मेंढीचा खालचा जबडा उघडून पाहावा. कायमचे पहिले दोन दात साधारण सव्वा-दीड वर्षाला येतात आणि आठही दात चार वर्षांच्या सुमारास पूर्ण होतात. म्हणून दोन किंवा चार दाती माद्या निवडाव्यात. कासेत गाठ नाही ना, हे हातानेच चाचपावे.

सर्वाधिक नुकसान जंतांमुळे होते. खालची पापणी हलकेच खाली ओढून आतली त्वचा पाहण्याची सवय लावून घ्यावी: ती लालसर असेल तर ठीक, पांढुरकी पडली असेल तर रक्त शोषणारे जंत झाले आहेत असे समजावे, आणि जबड्याखाली पाणी उतरून सूज आली असेल तर पशुवैद्यकाला लगेच दाखवावे. जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यांवर चढतात, त्यामुळे दव ओसरल्याशिवाय कळप चरायला सोडू नये. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी, कारण कोवळ्या गवतावर तुटून पडलेली धडधाकट मेंढी या आजाराने काही तासांत दगावते. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि देवीच्या लसींचे वेळापत्रक सरकारी दवाखान्यातून लिहून आणावे.

पैशाचा हिशेब पगारासारखा महिन्याचा राहत नाही. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, त्यानंतर कोकरू विकण्याजोगे व्हायला आणखी किमान तीन-चार महिने लागतात. म्हणून घरखर्चाची दीड वर्षाची तरतूद बाजूला ठेवावी आणि भविष्यनिर्वाह निधीची सगळी रक्कम कळपात घालू नये. लोकरीवर भिस्त ठेवू नये. तिच्या किमतीतून बऱ्याचदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. लेंडीखतासाठी शेतात मेंढ्या बसवल्याचे पैसे किंवा धान्य मात्र मिळते, आणि नव्या माणसाची शेतकऱ्यांशी ओळखही त्यातूनच होते. राष्ट्रीय पशुधन अभियानात 2021 पासून 50 टक्के अनुदानाची सोय आहे, परंतु त्यातला सर्वांत लहान गटसुद्धा 100 माद्या आणि 5 मेंढ्यांचा आहे. एवढ्या मोठ्या कळपाने सुरुवात करणे मला धोक्याचे वाटते.

चराईची जागा आधी निश्चित करावी. गायरानावर आणि वनहद्दीत कोठे चारू देतात, हे ग्रामपंचायतीत व वनरक्षकाकडे विचारून घ्यावे, आणि आधीपासून चारणाऱ्यांच्या वाटेत आपला कळप घालू नये. लांडग्याच्या भागात रात्री वाघरीजवळच झोपावे लागते, कुत्री असली तरीही.

कोकरे कधी जन्मावीत, हे मेंढा कळपात कधी सोडतो यावर ठरते. जून-जुलैत सोडल्यास वेत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येते, तेव्हा मुसळधार पाऊस नसतो आणि मेंढीला दूध उतरण्याइतका चाराही असतो. म्हणून एरवी मेंढा वेगळाच बांधावा आणि तो कळपात सोडल्याची तारीख वहीत नोंदवावी.