सरकारी टेंडर भरताय? मग या चुका टाळा

इंदूरच्या सांवेर रोड, पोलोग्राउंडकडच्या आपल्या कारखानदार मंडळींना मी टेंडरच्या कागदांत मदत करतो, आणि दर वेळी त्याच त्या चुका बघून आता खरंच वैताग आलाय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) एजंटकडून करून घ्यायची आणि सर्टिफिकेट न वाचताच फाईलला लावायचं. माझ्या ओळखीचा एक मुलगा लोखंडी कपाटं बनवतो, शेड स्वतःचं, प्रेस मशीन, पावडर कोटिंग सगळं घरचं. जेमवर (सरकारी खरेदीचं पोर्टल) कपाटांचं छान बिड, म्हणजे टेंडर, निघालं, यानं एमएसई (सूक्ष्म-लघु उद्योग) म्हणून ईएमडीची, म्हणजे अनामत रकमेची, माफी घेतली आणि टेक्निकल तपासणीतच बाहेर पडला. मला फोन, "काका, कारखाना तर माझाच आहे ना!" सर्टिफिकेट मागवून बघितलं तर एजंटनं मेजर ॲक्टिव्हिटीत 'ट्रेडिंग' टाकलेलं. ही माफी माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला असते, ट्रेडरला नाही. 2021 पासून ट्रेडरलाही उद्यम नंबर मिळतो, पण तो बँकेच्या प्रायॉरिटी कर्जासाठी, टेंडरच्या सवलतींसाठी नव्हे. वाईट याचं वाटतं की ज्या नोंदणीला सरकार एक पैसा घेत नाही तिचे त्यानं एजंटला हजारो रुपये मोजले होते. दुरुस्तीही फुकट आहे, आधारच्या ओटीपीवर होते, फक्त साइटच्या पत्त्यात शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघा. मी तर कुणाचंही सर्टिफिकेट हातात आलं की आधी ॲक्टिव्हिटी, मग एनआयसी कोड (धंदा कोणता ते सांगणारा नंबर), मग पत्ता जीएसटीशी जुळतो का, एवढं बघितल्याशिवाय पुढं सरकतच नाही.

दुसरं, बिड डॉक्युमेंट अर्धवट वाचणं. नवीन पोरांना घाई फार, रेट टाकला की झालं असं वाटतं. अरे बाबांनो, अनुभव आणि टर्नओव्हरमध्ये एमएसईला सूट आहे की नाही हे त्या बिडमध्येच 'येस' किंवा 'नो' लिहिलेलं असतं, आपण गृहीत धरायचं नसतं. आणि खरेदीदारानं जोडलेल्या एटीसी शर्ती शेवटच्या पानांवर असतात, मी प्रिंट काढून तिथूनच वाचायला लागतो. कोरिजेंडम (बिडमधली दुरुस्ती) आलंय का तेही भरायच्या दिवशी परत बघायचं.

रेट जास्त गेला म्हणून लगेच हात झटकू नका. एल-1, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला, जर एमएसई नसेल आणि तुमचा रेट त्याच्या 15 टक्क्यांच्या आत असेल, तर एल-1 चा रेट मान्य करून ऑर्डरचा निदान 25 टक्के हिस्सा तुम्हाला मिळू शकतो, पण बिड भरताना पर्चेस प्रेफरन्सचा (एमएसईला खरेदीत प्राधान्य) पर्याय निवडलेला हवा.

शेवटच्या तासाला अपलोड करू नका. डीएससीची (डिजिटल सहीची) मुदत आधी तपासा.

पोलोग्राउंडला केंद्राचं एमएसएमई ऑफिस आहे, तिथं फुकट विचारता येतं, तरी लोक आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतात, याचा मला खरंच राग येतो.

पैसे अडकले तर नुसते चकरा मारत बसू नका. माल स्वीकारल्यावर 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं, आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकलेल्या पैशांचे वाद सोडवणारी सरकारी समिती) जाता येतं. पण उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी, नंतर केलेली मागच्या बिलांना चालत नाही असं सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये म्हटलं होतं; 2025 मध्ये हा मुद्दा मोठ्या बेंचकडे गेलाय, पण आधीच नोंदणी केलेली बरी.