लेहला बिऱ्हाड हलवताय? आधी बॉनेट उघडा

कोल्हापूरवरनं लेहला बदली झाली असेल आणि स्वतःची गाडी घेऊनच जायचं असेल तर सामान बांधायच्या आधी रेडिएटर बघा, आपल्याकडं नुसतं पाणी ओतून गाडी वर्षानुवर्षं पळते पण तिकडं हिवाळ्यात पारा उणे २० पर्यंत जातो, पाणी गोठून फुगलं की इंजिनाचा ब्लॉकच तडकतो, म्हणून सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं भरून घ्या. इकडचं डिझेल टाकीत ठेवून थंडीत गाडी उभी करू नका, त्यातलं मेण गोठतं आणि फिल्टर चोक होतो, लडाखात विंटर डिझेल मिळतं तेच भरा.

मनालीचा रस्ता रीलमध्ये भारी दिसतो, पण सोबत म्हातारी माणसं, पोरं असतील तर श्रीनगर-कारगिलवरनंच जावा, उंची हळूहळू चढते. तरी लेह ३५०० मीटरवर आहे, पोचल्यावर दोन दिवस खोकी उघडू नका, नुसतं पडून राहा.

इकडचं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड करून घ्या. आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर एमएच ०९ नंबर बदलावा लागतो, त्याची एनओसी इथनंच काढून न्या, नंतर तिथनं आरटीओत हेलपाटे कोण घालणार!