स्पायनल देताना हात वर जातोच, त्याला खाली आणा

एलएसएएस (एमबीबीएस डॉक्टरांना अडल्या वेळी भूल द्यायला शिकवणारं प्रशिक्षण) करून गडचिरोली किंवा मेळघाटात पहिलं पोस्टिंग मिळालेल्यांसाठी लिहितोय. स्पायनल, म्हणजे कमरेत सुई टोचून द्यायची भूल, कशी द्यायची हे तुम्हाला येतंच. मी फक्त स्पेस, म्हणजे दोन मणक्यांमधली फट, मोजण्याबद्दल बोलणार, कारण मी गाफील होतो ते तिथंच.

शिकवतात असं: कमरेच्या दोन्ही हाडांच्या कडा जोडणारी टफियरची रेष एल४ (कमरेचा चौथा मणका) किंवा एल४-५ (चौथ्या-पाचव्यामधली फट) वर येते आणि मोठ्या माणसाचा मज्जारज्जू एल१-२ पाशी संपतो. म्हणजे मध्ये भरपूर जागा. पण ही रेष एक्स-रेवरची. बोटांनी चाचपताना मांस-चरबीमुळे ती वर लागते, आणि दिवस भरलेल्या बाईत तर आणखी वर. तुम्ही एल३-४ समजून टोचता ती बऱ्याचदा एल२-३ असते. त्यात काहींचा मज्जारज्जू एल२ च्या खालपर्यंत उतरलेला असतो. एकदा निवांत वेळी सहकाऱ्याच्या पाठीवर बोटानं खूण केली, मग सोनोग्राफीच्या प्रोबनं सेक्रमपासून (कमरेच्या मणक्यांखालचं हाड, एस१ तिथंच) वर मोजत आलो. खूण एक स्पेस वर! हा प्रयोग तुम्हीही करून बघाच.

‘सीएसएफ (मज्जारज्जूभोवतीचं पाणी) छान आला म्हणजे जागा बरोबर’ हेही डोक्यातून काढा. भूलतज्ज्ञ फेलिसिटी रेनॉल्ड्स यांनी २००१ मध्ये स्पायनलनंतर कोनसला (मज्जारज्जूच्या खालच्या टोकाला) इजा झालेल्या ७ बायकांची माहिती प्रसिद्ध केली. सातही जणींत सीएसएफ मोकळा आला होता, आणि सातही जणींना सुई जातानाच दुखलं होतं. पेन्सिल-पॉइंट सुईचं छिद्र टोकाच्या मागे, बाजूला असतं; सीएसएफ दिसेपर्यंत टोक पुढे गेलेलं असतं.

खरी परीक्षा रात्रीच्या सिझरला. सुई हाडाला अडते, बाळाचे ठोके घसरतात, सर्जन हात धुऊन उभे, आणि हात आपोआप एक स्पेस वर जातो. नाही जायचं. खाली जा, एल४-५ ला. तिथं नाही जमलं तर एल५-एस१ आहे.

पेशंट ‘पायात करंट आला जी’ म्हणाली तर तुमचं नशीब. भामरागडकडची माडिया बोलणारी बाई दात आवळून गप्प बसते. म्हणून टोचण्याआधीच आशाताईंकडून तिला समजावून घ्या: काही झालं तर आवाज द्यायचा, हलायचं नाही. करंट उजव्या पायात आला तर सुई उजवीकडे गेलीय. थांबा. लगेच गेला तर सुई मागे घेऊन मध्यरेषेकडे वळवा. टिकला, किंवा औषध ढकलताना दुखलं, तर एक थेंबही पुढे नको, सुई बाहेर. ‘थोडं होतंच, देऊन टाक’ म्हणणारे सीनियर भेटतील, मलाही भेटले. त्यांच्यापेक्षा पेशंटला नीट वाकवून धरणाऱ्या ओटीतल्या सिस्टरकडून मी जास्त शिकलो.

गरोदरपणातल्या झटक्यांत (एक्लॅम्पसियात) प्लेटलेट्स बघितल्याशिवाय सुई उचलू नका. पाठीला लावलेलं जंतुनाशक, क्लोरहेक्सिडिन, पूर्ण वाळू द्या, त्याची वाटी ट्रेजवळ नको.

घाबरून मात्र जाऊ नका. क्षणभराचा करंट बऱ्याच जणींना येतो आणि मागे काही उरत नाही. बाळंतपणानंतर पाऊल लुळं पडलं तर दोष सुईचाच असतो असंही नाही. बाळाच्या डोक्यानंही नस दबते. पण स्पायनलनंतर चार तासांनी पाय सरळ उचलता येत नसेल तर सकाळची वाट बघू नका. एमआरआय असेल तिथं लगेच फोन करा, गाडी काढा, आणि केसपेपरवर स्पेस, वेळ, करंट कोणत्या पायात आला हे सगळं लिहून सोबत द्या.