नाइटिया की डिप्लोमिस्टस? जीवाश्म मासा ओळखताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या ग्रीन रिव्हर थरांतले मासे जगभर विकले जातात. फिकट दगडी पाटी, त्यावर तपकिरी मासा, वय सुमारे 5 कोटी 20 लाख वर्षं. सोबतच्या चिठ्ठीवर बहुधा ‘नाइटिया’ या नामशेष माशाचं नाव असतं; पण तो त्याच थरांतला, त्याच्यासारखाच दिसणारा डिप्लोमिस्टसही असू शकतो. डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

पहिली चूक आकारावरून नाव ठेवण्याची. लहान तो नाइटिया, मोठा तो डिप्लोमिस्टस, असा माझाही सरळ हिशेब होता. डिप्लोमिस्टस अर्ध्या मीटरच्या पुढे वाढतो हे खरं, पण तोही कधीतरी बोटाएवढाच होता की! माझ्याकडचा सात सेंटिमीटरचा ‘नाइटिया’ शेवटी डिप्लोमिस्टसचं पिल्लू निघाला.

आधी गुदपर बघा, म्हणजे पोटाखालचा, शेपटीच्या अलीकडचा पर. नाइटियाचा आखूड असतो. डिप्लोमिस्टसचा थेट शेपटीच्या देठापर्यंत पसरलेला. डिप्लोमिस्टसचं तोंडही वर वळलेलं असतं. मात्र मेल्यावर जबडा उघडतो, सरकतो, त्यामुळे नुसत्या तोंडावर भरवसा नको.

पोटाच्या कडेची करवत पाहून अनेकजण फसतात. तारली साफ करताना बोटाला टोचते ना, तशीच. ती दोघांनाही असते, पाठीवर पराच्या पुढची खवल्यांची रांगही दोघांना. जाड पोट दिसलं की डिप्लोमिस्टस म्हणणंही घाईचं, कारण नाइटिया आल्टा नावाची रुंद अंगाची जात आहेच.

प्रिस्काकारा आणि मायोप्लोसस या त्याच थरांतल्या आणखी दोन माशांची गल्लत लवकर सुटते: मायोप्लोससच्या पाठीवर दोन वेगळे पर, प्रिस्काकाराच्या पाठीवर एकच सलग, पुढे टणक काटेवाला.

आता रंगकाम. तुटलेला पर ब्रशने ‘पूर्ण’ करून विकण्याची चाल जुनी आहे. भिंगाखाली खऱ्या पराच्या काड्या सांध्यासांध्यांच्या, टोकाशी फुटलेल्या दिसतात. रंगवलेली रेघ सपाट असते आणि दगडाच्या खड्ड्यांतही उतरते.

आणि गुदपर तुटलाच असेल तर? पराच्या मुळाशी अंगात रुतलेल्या बारीक आधार-हाडांची रांग शोधा. पर गेला तरी ती बहुधा टिकते. रांग शेपटीजवळ पोचली, तर चिठ्ठी बदला.